कै. राम गणेश गडकरी : आमच्या वाटेवरचे एक थोर ज्ञातिबांधव

डहाणू रोड स्टेशनावरून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव, संजाण अशी स्टेशने मागे पडत जातात. वापी येते, वलसाड येते, आणि पुढे नवसारी. आमच्या डहाणू-तलासरी भागातील ज्ञातिकुटुंबांपैकी असे एकही नसेल की ज्यातील कोणी ना कोणी या वाटेने गेले नाही. कोणाची मुलगी सुरतेस दिलेली, कोणाचा मुलगा वापीच्या कारखान्यात, तर कोणाचे आजोळच बडोद्याचे. परंतु नवसारीचे स्टेशन आले असता खिडकीबाहेर पाहून, मराठी भाषेचा एक अलौकिक स्वामी याच गावी जन्मास आला, असे आपल्या लेकरांस सांगणारे आईबाप किती असतील, याचा विचार मनात आला आणि यंदाच्या स्मरणिकेसाठी लेखणी हाती घ्यावी असे आम्हांस वाटले.

कै. राम गणेश गडकरी हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीचे, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या ज्ञातिसंस्थांच्या सभागृहांत त्यांची तसबीर असते, तिला हार घातला जातो आणि वक्ते त्यांचा उल्लेख भाषाप्रभू या पदवीने करतात. हे सर्व योग्यच आहे. तथापि हार घालून झाल्यावर त्यांचे पुस्तक उघडणारे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, हेही तितकेच खरे. म्हणून त्यांच्या नावाचा नुसता जयजयकार न करता, हा मनुष्य कोण होता, कोणत्या परिस्थितीतून वर आला आणि आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांचा व त्याचा काय संबंध, एवढेच येथे साध्या शब्दांत सांगण्याचा आमचा हेतू आहे.

गडकऱ्यांचा जन्म 26 मे 1885 रोजी नवसारी येथे झाला. नवसारी त्या काळी बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या मुलखात होती. घरची स्थिती बेताची. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि दारिद्र्याने जी सोबत धरली ती अखेरपर्यंत पुरती सुटली नाही. बालपणाची वर्षे त्याच मुलखातील कर्जण वगैरे गावी गेली. पाटीवर गिरवलेली पहिली अक्षरे गुजराती होती आणि ज्या सवंगड्यांबरोबर ते खेळले-भांडले, त्यांची बोलीही गुजराती. मराठी होती ती घरातली, आईच्या तोंडची. पोथीपुराणाची, काव्यनाटकांची मराठी त्यांस भेटली ती पुढे, आणि ती त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळविली.

आमच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. ज्याने मराठी गद्याला असा झोक दिला की पुढच्या दोन पिढ्यांचे नाटककार त्याच्या वाक्यांच्या मोहातून सुटू शकले नाहीत, तो मराठी शाळेच्या पहिल्या बाकावरून आलेला नव्हता. तो आमच्यासारख्याच एका दुभाषी मुलखातून आला होता. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी ही आपल्याकडची नित्याची गोष्ट. घोलवडच्या चिकूच्या वखारीत भाव गुजरातीत ठरतो, समुद्रकाठी मांगेली बोली कानी पडते, पाड्यावर वारली, आणि घरी आल्यावर आजीची मराठी. 1960 साली भाषावार राज्यांची वाटणी झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन तुकडे झाले. एक गुजरातेत गेला आणि महाराष्ट्राकडे राहिलेल्या गावांचे तलासरी झाले. सीमेची रेघ नकाशावर पडली, परंतु माणसांच्या जिभेवर काही ती पडली नाही. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाची मराठी कच्चीच राहावयाची, असे जे आपण परस्पर ठरवून टाकतो, त्याला गडकऱ्यांचे चरित्र हेच उत्तर आहे.

पुढील शिक्षणासाठी ते पुण्यास आले. तेथे मॅट्रिकची परीक्षा उतरून त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात प्रवेश केला. परंतु गणिताने दगा दिला. पहिल्याच वर्षी नापास झाल्यावर कॉलेज सुटले ते कायमचेच. आजच्या आईबापांस ही मोठी आपत्ती वाटेल, आणि त्या काळीही ती लहान नव्हती. पदवी नाही, पैका नाही, वशिला नाही. गडकऱ्यांनी शिक्षकाची नोकरी पाहिली, वर्तमानपत्राच्या कचेरीत लेखणी झिजविली आणि मिळेल ते काम करून दिवस ढकलले. मात्र या काळात एक गोष्ट त्यांनी सोडली नाही, ती म्हणजे वाचन. ज्ञानेश्वर आणि मोरोपंत, कालिदास आणि भवभूती, इंग्रजीतील शेक्सपियर व शेले, आणि आपल्या मराठीत नव्या कवितेचा पाया घालणारे केशवसुत, एवढ्या सर्वांची पारायणे त्यांनी केली. भाषा ज्याला वारशाने आयती मिळते तो तिच्याकडे वळून पाहत नाही. ज्याला ती कमवावी लागते तो तिचा एक एक शब्द हातात घेऊन वाजवून पाहतो. गडकऱ्यांच्या शब्दांचा जो नाद आहे तो अशा वाजवून घेतलेल्या नाण्यांचा आहे, असे आम्हांस वाटते.

1906 च्या सुमारास ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. नट म्हणून नव्हे, तर मंडळीतील मुलांचे शिक्षक म्हणून. त्या काळच्या नाटक मंडळ्या म्हणजे फिरती गावेच असत. कोवळ्या वयाची मुले स्त्रीपार्टी म्हणून घेतली जात, आणि त्यांस अक्षरओळख, शुद्ध वाणी व पाठांतर शिकविण्यासाठी मास्तर नेमावा लागे. गडकऱ्यांस सर्व महाराष्ट्र पुढे ज्या नावाने ओळखू लागला ते मास्तर हे नाव येथले. पुढे बालगंधर्व म्हणून कीर्तीस चढलेले नारायणराव राजहंस त्याच सुमारास या मंडळीत होते. पडद्यामागे बसून नाटक कसे उभे राहते, प्रेक्षक कोठे हसतो, कोठे खोकतो आणि कोठे डोळे पुसतो, हे गडकऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. नाटक लिहिण्याचे शिक्षण देणारे याहून चांगले कॉलेज त्यांस दुसरे मिळाले नसते, आणि या कॉलेजात गणित नव्हते.

नाट्यलेखनात व विनोदात त्यांनी गुरू मानले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांस. सुदाम्याचे पोहे या लेखांनी कोल्हटकरांनी मराठीत विनोदी लेखाची वाट पाडली होती. त्या वाटेवरून शिष्य निघाला तो आपली स्वतःची चाल धरून. कविता लिहिताना गडकऱ्यांनी गोविंदाग्रज हे नाव घेतले आणि विनोद लिहिताना बाळकराम हे. गोविंदाग्रज म्हणजे प्रेमाने, विरहाने व्याकूळ झालेला कवी. बाळकराम म्हणजे जगाकडे डोळे मिचकावून पाहणारा खोडकर प्राणी. हे दोघे एकाच देहात कसे नांदले याचे आश्चर्य वाटते खरे. परंतु ज्यांनी दुःख जवळून पाहिले त्यांनाच हसण्याची खरी गरज कळते, हा संसारातला अनुभव आपणां सर्वांचाच आहे.

बाळकरामाचा परिचय ज्यांस नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. तिंबूनानांची कन्या ठकी उपवर झाली आहे. तिच्यासाठी वर पाहण्यास बाळकराम आणि भांबूराव निघतात, आणि त्या वरसंशोधनाच्या मोहिमेत महाराष्ट्रातील विवाहबाजाराचे जे दर्शन घडते त्यास तोड नाही. लग्ने कशी जुळतात यापेक्षा ती कशी मोडतात, याचीच हकीकत त्यात अधिक. वर्षे लोटली, पण ठकीचे लग्न जुने झाले नाही. आमच्याच या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांत वधूवरांची सूची छापलेली असते. उंची, वर्ण, शिक्षण, वेतन, मंगळ आहे की नाही, परदेशी जाण्याची तयारी आहे की नाही, ही सर्व रकाने भरून आलेली माहिती आम्ही दरसाल तपासतो. प्रत्येक वेळी आम्हांस असे वाटते की बाळकराम कोठेतरी मागे उभा राहून हसत आहे. तो आपल्या ज्ञातीचा होता म्हणून त्याने आपणांस सूट दिली असेल, असे कोणी समजू नये. त्याचे हसणे परक्याचे नव्हते. आपल्याच ओसरीवर बसून, आपलाच चहा पिऊन, आपलीच थट्टा करणाऱ्या घरच्या मनुष्याचे ते हसणे होते, आणि म्हणून ते बोचले तरी झोंबत नाही.

कवींचा कारखाना या लेखात त्यांनी कवी म्हणवून घेणाऱ्यांची फिरकी घेतली आहे, आणि स्वतः कवी असल्यामुळे ती त्यांस अधिकच साधली. दीडपानी नाटक लिहून त्यांनी ठरावीक साच्याच्या नाटकांची गंमत केली, तीही स्वतः नाटककार असताना. स्वतःच्या धंद्यावर हसण्यास मोठे मन लागते. मुलांसाठीही त्यांनी लिहिले. सकाळचा अभ्यास या छोट्या नाट्यप्रवेशात अभ्यासास बसलेली मुले अभ्यास सोडून बाकी सर्व काही करतात. तो वाचून आपापल्या घरची सकाळ आठवली नाही असा गृहस्थ विरळा. चिमुकली इसापनीती लिहून त्यांनी जुन्या नीतिकथांनाही गमतीचा साज चढविला. आजकाल विनोद घरबसल्या हातातील फोनवर येतो, क्षणभर हसवितो आणि दुसरा आला की विसरला जातो. त्यास आमचा विरोध नाही. परंतु बाळकरामाचा विनोद हा एकमेकांस वाचून दाखविण्याचा विनोद आहे. लांबलचक वाक्य वळणे घेत घेत पुढे जाते, ऐकणारा श्वास रोखून बसतो आणि शेवटच्या शब्दावर सर्व घर एकदम हसते. तो आनंद एकट्याने घ्यावयाचा नसतो.

तसे पाहता कथा सांगण्याची आणि सोंग आणण्याची हौस आमच्या या भागास नवी नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे चढवून देवादिकांची व राक्षसांची सोंगे रात्रभर नाचतात. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाण्यांतून विवाहविधी पार पाडते. तारप्याच्या सुरावर फेर धरला की माणसे पहाटेपर्यंत थकत नाहीत, आणि चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेस सगळा मुलूख लोटतो. गडकऱ्यांची नागर रंगभूमी आणि ही रानावनातील रंगभूमी यांची जात निराळी असली तरी मूळ एकच: माणसाला माणसाची गोष्ट ऐकावीशी वाटते. हे मूळ ज्या मातीत घट्ट आहे त्या मातीतील मुलांस गडकरी परके का वाटावेत, हे आम्हांस समजत नाही.

आता त्यांच्या नाटकांविषयी. बालविधवेच्या प्रश्नावर लिहिलेले प्रेमसंन्यास 1912 साली रंगभूमीवर आले. विषय करुण, परंतु त्यातील विसरभोळ्या गोकुळाने प्रेक्षकांस पोट धरून हसविले. 1916 साली पुण्यप्रभाव आले. त्यातील वसुंधरेच्या पातिव्रत्याने आणि वृंदावनाच्या सूडाने लोक भारावून गेले. त्यानंतर एकच प्याला आणि भावबंधन. वेड्यांचा बाजार व राजसंन्यास ही दोन अपुरी राहिली. म्हणजे पुरी झालेली नाटके अवघी चार. एवढ्या तुटपुंज्या संसारावर मराठी रंगभूमीच्या इतिहासात ज्याच्या नावाचे युग मानले जाते, असा नाटककार दुसरा दाखविता येणार नाही.

या चारांत एकच प्याला या नाटकाविषयी आमच्या भागातील वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे. सुधाकर नावाचा बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते आणि मनाचा जळफळाट शमविण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. तेथून घसरण सुरू होते. साध्वी सिंधू दळण दळून संसार रेटते. शेवटी सुधाकराच्याच हातून पोटचे मूल जाते, पत्नी जाते आणि अखेर तो स्वतः विष घेतो. या काळ्याकुट्ट कथेत तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ असे काही रंगविले आहे की प्रेक्षक हसता हसता चपापतो. आपण कशास हसलो, असे त्याचे त्यालाच वाटते. तळीरामाच्या आजारपणी डॉक्टर आणि वैद्य यांची जी जुंपते तिचे वाचन आजही घरातील वडीलधाऱ्यांस खुर्चीवरून हलू देत नाही.

आमचा भाग ताडामाडांचा आणि खजुरीचा. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, बाजूस दमण, आणि मध्ये आपला हमरस्ता. व्यसनाचा विषय निघाला की आपल्यातील शिकलेली मंडळी पाड्यावरच्या ताडीकडे बोट दाखवून मोकळी होतात. परंतु गडकऱ्यांनी आपला नायक पाड्यावरून निवडला नाही. तो सनदी वकील आहे, सुसंस्कृत आहे, चार लोकांत मान असलेला आहे. थोडक्यात, तो आपल्याच ओसरीवरचा आहे. ज्ञातिसंमेलनाच्या मागच्या अंगणात सुधाकर व तळीराम दोघेही केव्हा केव्हा दिसतात, हे आपणां सर्वांस माहीत आहे, आणि त्यांची सिंधू स्वयंपाकघरात गप्प असते, हेही माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका लेखकाने हे उघड्यावर मांडले. त्याची तसबीर भिंतीवर लावून तिच्याखाली आपण या विषयावर मौन पाळावे, हे काही शोभत नाही.

राजसंन्यास या अपुऱ्या नाटकाविषयीही मौन पाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरचे हे नाटक 1922 साली, लेखकाच्या मागे, प्रसिद्ध झाले. त्यातील भाषेचे वैभव आणि जिवाजी कलमदाने या कारकुनी पात्राचा विनोद यांची थोरवी रसिकांनी मान्य केली. परंतु त्यात रंगविलेला संभाजी हा व्यसनात व विलासात गुरफटलेला आहे, आणि तेच पुढे वादाचे कारण झाले. गडकऱ्यांच्या काळी महाराजांची जी प्रतिमा प्रचलित होती ती बखरींवर उभी होती, आणि त्यांत मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचे वजन मोठे होते. हे चिटणीस बाळाजी आवजींचे वंशज, आणि बाळाजी आवजींस 1681 साली संभाजी महाराजांच्याच आज्ञेने देहान्त शासन झालेले. दोन्ही पुरुष आपल्या ज्ञातीचे असले तरी, किंबहुना म्हणूनच, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे की घराण्याच्या जखमेतून लिहिलेला इतिहास निर्दोष असणे कठीण. 1960 साली वासुदेव सीताराम बेंद्रे यांचा आणि 1971 साली डॉ. कमल गोखले यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर शूर, विद्वान आणि शेवटपर्यंत न वाकलेला संभाजी महाराष्ट्रास नीट दिसू लागला. ते संशोधन गडकऱ्यांच्या हाती नव्हते.

जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा काही जणांनी रात्री उखडून मुठा नदीत टाकला. तो 1962 साली बसविलेला होता. त्या कृत्याने आपली मने दुखावली, आणि ती दुखावणे स्वाभाविकच होते. परंतु त्यावर आमचे म्हणणे एवढेच आहे की, लेखकाची चूक दाखविण्याचा मार्ग ग्रंथाने ग्रंथास उत्तर देण्याचा आहे, आणि लेखकाचे रक्षण करण्याचा मार्ग तो वाचण्याचा आहे. लोकनायकाची कथा प्रत्येक पिढी आपल्या परीने सांगते. कोणी ती चुकीची सांगितली तर पुढच्याने ती अधिक खरी सांगावी. जे पुतळ्यासाठी हळहळले त्यांपैकी किती जणांनी राजसंन्यास उघडून पाहिले होते, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारला, आणि उत्तर देताना मान खाली घालावी लागली.

आता चरित्राचा शेवट सांगावयाचा. गडकऱ्यांची प्रकृती कधीच धडधाकट नव्हती. देहाची हेळसांड, जागरणे, वेळीअवेळी खाणे, तंबाखूचे व्यसन आणि मनाची सततची तगमग, यांनी तिची पार वाताहत केली. क्षयाने शरीर पोखरले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. नाटक मंडळ्यांतही फाटाफूट झाली होती. बालगंधर्व 1913 साली किर्लोस्कर मंडळीतून निघून गंधर्व नाटक मंडळीत गेले होते, आणि 1918 साली चिंतामणराव कोल्हटकर व मास्टर दीनानाथ यांनी बळवंत संगीत मंडळी उभारली. या नव्या मंडळीसाठी भावबंधन पुरे करावयाचे होते. नागपूरजवळ सावनेर येथे वडील बंधूंकडे गडकरी अंथरुणास खिळले होते, तरी नाटकाचे काम सोडले नाही. भावबंधनाचा शेवट त्यांनी मृत्यूच्या उंबऱ्यावर लिहविला. 23 जानेवारी 1919 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे तेहेतीस.

त्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोच, 20 फेब्रुवारी 1919 रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास एकच प्यालाचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचून दिली होती. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व फाटके लुगडे नेसून उभे राहिले आणि प्रेक्षागृह रडले. ज्या गायकवाडी मुलखात गडकऱ्यांनी गुजराती अक्षरे गिरविली होती, त्याच मुलखाच्या राजधानीत त्यांचे सर्वांत गाजलेले मराठी नाटक प्रथम उभे राहिले; ते पाहावयास मात्र ते नव्हते. त्या काळी मुंबईहून बडोद्यास जाणाऱ्या नाटक मंडळ्यांचे पडदे व ट्रंका आमच्या डहाणू-घोलवडच्या याच लोहमार्गावरून जात. आगगाडीच्या त्या डब्यांकडे आमच्या पणजोबांपैकी कोणी पाहिलेही असेल.

भावबंधन पुढे बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील लतिकेची भूमिका मास्टर दीनानाथांनी आणि घनश्यामाची चिंतामणरावांनी गाजविली. भाबडा धुंडिराज आणि कामण्णा घरोघरी ओळखीचे झाले. गोविंदाग्रजांच्या कवितांचा वाग्वैजयंती हा संग्रह 1921 साली निघाला, संपूर्ण बाळकराम 1925 साली. म्हणजे लेखक गेला आणि मग त्याची पुस्तके आली. महाराष्ट्राच्या थोरवीचे त्यांनी रचलेले महाराष्ट्र-गीत शाळाशाळांतून गाइले गेले. आचार्य अत्रे यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या विनोदसम्राटाने त्यांस गुरू मानले. 1978 साली ठाण्यास तलावपाळीच्या काठी जे नाट्यगृह उभे राहिले त्यास गडकरी रंगायतन हे नाव मिळाले. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. तेव्हा ते नाट्यगृह आमच्या जिल्ह्याच्या गावचे, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. आता जिल्हा बदलला, परंतु अभिमान बदलण्याचे कारण नाही.

शेवटी ज्यासाठी हे सर्व लिहिले ते सांगतो. मागील स्नेहसंमेलनात आम्ही मुलांच्या हाती बाळकरामाचे एक पान दिले आणि मोठ्याने वाचावयास सांगितले. मुले हुशार होती, गुणी होती. परंतु दोन-तीन ओळींनंतर अडखळू लागली. आईबाप ओशाळून म्हणाले की आमच्या मुलांची शाळा इंग्रजी आहे, आणि खेळगडी गुजराती बोलणारे आहेत, मराठी यावी कशी? त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. आज ते देतो. नवसारीच्या त्या पोरक्या मुलाचीही शाळा परभाषेची होती आणि खेळगडीही परभाषेचे होते. त्याच्या घरात पैका नव्हता, पुस्तकांचे कपाट नव्हते. होती ती घरात बोलली जाणारी मराठी, आणि पुढे मोठेपणी तीच भाषा मिळविण्याची जिद्द. गुजराती वा इंग्रजी आल्याने मराठी जात नाही. घरात ती बोलणे व वाचणे थांबले म्हणजे जाते.

म्हणून आमची ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे. गडकऱ्यांच्या तसबिरीस हार अवश्य घालावा. परंतु त्याबरोबर आठवड्यातून एक रात्र ठरवून, दूरचित्रवाणी बंद करून, घरातील एकाने बाळकराम मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. प्रारंभ ठकीच्या लग्नापासून करावा, मुले हसतील. मग सकाळचा अभ्यास मुलांकडूनच करवून घ्यावा. तो ती फार उत्तम करतील, कारण त्याची तालीम त्यांस रोजचीच आहे. मुले मोठी झाली की एकच प्याला त्यांच्या हाती द्यावे, आणि ते वाचून झाल्यावर त्यांनी जे प्रश्न विचारले असतील त्यांस खरी उत्तरे द्यावीत. पुढील वर्षीच्या संमेलनात हीच मुले रंगमंचावर उभी राहून अडखळल्यावाचून वाचतील, तर त्या दिवशी आमच्या या ज्ञातिबांधवाचे स्मारक डहाणूस झाले असे आम्ही समजू. त्याला वर्गणी लागत नाही, आणि ते कोणास उखडूनही नेता येत नाही.